गोल कुणाच्या राखणीत गेला?

“नाव सांगा! एक नाव! दोन नको मला, एकच पायजे!”

बन्सीशेठ सरकीच्या ढिगापुढं उभं राहून ओरडत होते, आणि त्यांच्या आवाजानं जिनिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उडून थेट पाथरीला जाऊन बसली होती. हे मी वाढवून सांगत नाही. पाथरीच्या एका पाहुण्यानं मला नंतर विचारलं, की त्या दिवशी तुमच्या सेलूला काय झालं होतं? आमच्याकडं एकाएकी एवढी कबुतरं कुठून आली?

“आडतीत भाव एकच निघतो,” शेठ म्हणाले. “तसं हरायचं कारण बी एकच निघलं पायजे. कुणामुळं हरलो? त्याला आज सांजच्याला घरी पाठवतो, नारळ फोडतो, आन् नव्यानं सुरू करतो.”

समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आमची टीम माना खाली घालून बसली होती. टीम म्हणजे फुटबॉलची टीम. हसू नका. कापसाच्या गावात फुटबॉल कुठून आला असं विचाराल, तर तो शेठच्या डोक्यातून आला. आमच्या भागात कबड्डीचा संघ गल्लीगल्लीत आणि पैलवान गावोगाव. जे सगळ्यांकडं असतं ते शेठना नको असतं. त्यांनी राज्यभर फिरून खेळायच्या एका स्पर्धेत संघ उतरवला, पगारी खेळाडू आणले, जिनिंगच्या मागच्या काळ्या रानावर मैदान आखलं आणि गोलाच्या दोन्ही खांबांना हळदकुंकू लावलं. शेठ रिवाजाचे मोठे पक्के. स्वतःचे तर पाळतातच, दुसऱ्याचेही मोडू देत नाहीत. बाहेरून आलेल्या एका संघाचा कप्तान मैदानात उजवा पाय आधी टाकायचा, म्हणून शेठनी फाटकातली गर्दी हटवून त्याला ऐसपैस वाट करून दिली. त्याच कप्तानानं आम्हाला धू धू धुतलं. तरी शेठ म्हणाले, “रिवाज तो रिवाज.”

आणि मी कोण? मी भोंगा.

उभी हयात माईक हातात धरून गेली. लग्नाच्या पंगती, कुस्त्यांचे फड, बैलांचे शंकरपट, यात्रेत हरवलेली पोरं, निवडणुकीच्या रिक्षा, सगळीकडं मीच. आवाज असा, की मी सेलूत ‘शुभमंगल सावधान’ म्हटलं की परतूरचा नवरदेव दचकून अंतरपाटाबाहेर बघायचा. लोक मला दत्ताभाऊ म्हणतात, पण पोस्टमनला विचारलंत तर तो ‘भोंग्याचं घर’ दाखवतो.

आमच्या धंद्याबद्दल बाहेरच्यांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, मैदानात काय चाललंय ते सांगणं म्हणजे समालोचन. अहो, ते लोकांना दिसतंच की! देवानं डोळे दिलेत. लोकांना भोंग्याकडून एकच गोष्ट हवी असते: हे कुणामुळं झालं? फडात पैलवान चितपट झाला, की जिंकलेल्याच्या डोक्याला फेटा बांधेपर्यंतही कुणी थांबत नाही. सगळ्या माना माझ्याकडं वळतात. मग मी सांगायचं, खुराक कमी पडला. वस्तादानं डाव उशिरा शिकवला. गडी चार दिवस सासुरवाडीला राहून आला. कारण मिळालं की माणूस गुमान घरी जाऊन जेवतो. कारण नाही मिळालं की रस्त्यात भांडतो.

पालमच्या एका फडात दोन पैलवान एकाच वेळी पडले. कुणाची पाठ आधी लागली ते पंचाला दिसलं नाही, आणि दोन्हीकडच्या मंडळींनी काठ्या उचलल्या. मी माईक ओढला आणि म्हणालो, “मंडळी, दोष पैलवानाचा न्हाई, दोष मातीचा हाय! हौद्यातली माती परगावची हाय!” काठ्या खाली आल्या. दोन्ही गावं हातात हात घालून त्या तिसऱ्या गावाला शिव्या देत एसटीत बसली. त्या तिसऱ्या गावात मी अजूनही जात नाही.

तर अशी माझी तालीम. फुटबॉल आला तेव्हा मात्र मलाच घाम फुटला. आमच्या लोकांना ऑफसाइड कसा समजवायचा? चांगला पुढं जाऊन गोल मारलेला, आणि पंच म्हणतो धरायचा नाही! पब्लिक पंचाला धरायला निघालं. मी ओरडलो, “बसा, बसा! वऱ्हाड यायच्या आदी जो मांडवात घुसून पंगतीला बसतो, त्याला वाढायचं न्हाई, असा कायदा हाय!” झालं. साऱ्या मैदानानं मान डोलावली. त्या दिवसापासून आमचा गोल मारणारा गडी जरा पुढं गेला, की भिंतीवर बसलेल्या बायका ओरडायच्या, “ऊठ रे, वऱ्हाड आलं न्हाई अजून!”

माझं एक गिऱ्हाईक तर अजब होतं. एक आबा होते, धोतरवाले. मॅच संपता संपता यायचे, मैदानाकडं ढुंकून बघायचे नाहीत, थेट भोंग्याखाली उभं राहायचे आणि विचारायचे, “आज कुणावर गेलं?” मी नाव सांगायचो. मान हलवून ते एसटी गाठायचे. त्यांच्या गावात पारावर सगळी मंडळी तेवढ्या एका नावासाठी ताटकळत बसायची म्हणे.

त्या हंगामात आबांना दर घरच्या मॅचला नवं नाव लागलं, कारण घरी आम्ही सपाटून हरलो. बाहेरगावी बरं खेळायचो, कुठं जिंकायचो, कुठं बरोबरी करायचो. पण सेलूच्या मैदानात पाय टाकला की अंगात मुंग्या आल्यासारखे हरायचो. जगात सगळे आपल्या अंगणात वाघ असतात. आम्ही अंगणात शेळी होतो.

आता त्या अंगणाचं सांगतो. काळं रान तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात, की एकदा आमचा चेंडू भेगेत गेला तो मृगातच वर आला. शेठना टीव्हीतल्यासारखं हिरवंगार मैदान पाहिजे होतं. तेव्हाच धुळबाची मेंढरं सेलूच्या शिवारात उतरली होती. धुळबा राणीसावरगावचा, मेंढरामागचं घर. आमच्याकडं शेतात मेंढरं बसवतात, म्हणजे कळप रात्रीचा रानात मुक्कामाला ठेवतात. लेंड्या-मुतानं रान असं तयार होतं की काठी रोवली तर तिला पालवी फुटावी. शेठच्या डोक्यात उजेड पडला. “शेतात बसवतेत, मंग मैदानात कामून न्हाई?” त्यांनी धुळबाला बोलावलं आणि कळप गोलाच्या दोन खांबांत बसवला.

पाऊस झाला आणि मैदान असं हिरवं झालं, की रेल्वेतले लोक खिडकीतून माना काढून बघायला लागले. शेठ रोज सकाळी नुसतं बघायलाच यायचे. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. मेंढरं आमच्याकडं यायच्या आधी ओढ्याकाठी वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आली होती. शेंग पोटात विरघळते, बी विरघळत नाही. उलट पोटातून निघालेलं बी दुप्पट जोमानं उगवतं. गवतात गवतासारखी कोवळी वेडी बाभूळ उगवली, आणि ती आईच्या पोटातूनच काटे घेऊन येते.

पहिल्या घरच्या मॅचला आमचा रणजित, कोल्हापूरचा गडी, गोल मारणारा, पगार सगळ्यात मोठा आणि छाती त्याहून मोठी, असा चेंडूवर घसरत गेला आणि उठला तो उभाच राहिला. बसता येईना. काटा अशा जागी घुसला होता की आमचे प्रशिक्षक करीमसर त्याला मंडपाच्या पडद्याआड घेऊन गेले. मी समालोचन थांबवायचं कसं? पब्लिक वाट बघत होतं. मी सांगत राहिलो, “सुई लागली... जपून... आला, आला... काटा निघाला!” एवढ्या टाळ्या त्या मैदानावर कुठल्याच गोलाला पडल्या नाहीत.

तिथून सगळं बिघडलं. डावीकडच्या कोपऱ्यात, गोलाच्या अंगाला, बाभळी जास्त होत्या. आमचे खेळाडू तिथं पोचले की चिखलातून चाललेल्या नवरीसारखे पाय उचलून चालायचे. बाहेरून आलेल्यांना काटा ठाऊकच नव्हता. ते बिनधास्त पळायचे आणि गोल मारून जायचे. त्यांना कधी काटा लागलाही नाही. का ते पुढं कळेल.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय तो गडी. आमचा गोलकीपर महादू, धुळबाचाच पोरगा.

करीमसरांना तो गंगाखेडच्या बाजारात सापडला होता. करीमसर परभणीचे, हाडाचे फुटबॉलवाले. बाजारात एक कोकरू सुटून गाडीखाली निघालं होतं, आणि महादूनं आडवी झेप घेऊन ते हवेतच झेललं. सर तिथंच म्हणाले, “मियाँ, ये चीज कोकरू के वास्ते नै बनी.” धुळबाचं एकच म्हणणं होतं. “एक साल खेळ,” तो पोराला म्हणाला. “चेंडू राखता आला तर राख. न्हाई तर माघारी ये आन् मेंढरं राख.”

महादूला काय वाटत होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. तो बोलायचाच नाही. पण गोलात उभा राहिला की त्याच्या तोंडावर हळद लागल्यासारखा उजेड यायचा. हातमोजे उशाला घेऊन झोपायचा. त्याचे हात असे, की चेंडू आपणहून त्यांच्यात जायचा, कोकरू आईकडं जातं तसा. बाहेरच्या एका मॅचला समोरचा गडी एकटाच चेंडू घेऊन सुसाट आला. महादूनं नुसतं ‘हुर्रर्र’ केलं. गडी जागच्या जागी थांबला. पंचानं शिट्टी वाजवली नसती तर मान खाली घालून चरायलाच लागला असता. खोटं वाटत असेल तर त्या गड्याला विचारा, फक्त मला त्याचं नाव आठवत नाही.

एवढा गडी, पण एकटा किती राखणार? पुढचे पुढं जात नाहीत, मागचे डावीकडं जात नाहीत, मग घरच्या मैदानात त्याच्यावर गोलांचा पाऊस पडायचा. आणि गोल दिसतो तो गोलकीपरच्या मागं. बाकीच्यांची चूक हवेत विरून जाते, गोलकीपरची जाळ्यात अडकून राहते.

म्हणून त्या दिवशी जिनिंगच्या आवारात, शेठ नाव मागायला लागल्यावर, मला शेवट दिसत होता.

सुरुवात करीमसरांनी केली. “शेठ, मैं बोल बोल के थक गया. फॉरवर्डां आगे जातेच नै.”

रणजित खुर्चीवरून उसळला. बसायची त्याला तशीही सवय राहिली नव्हती. “पुढं जायाला तिथं मैदान पायजे की ओ सर! बाभळीचं बन हाय नुसतं!”

मग एकानं वांग्याच्या भाजीवर घातलं. एकानं चेंडूवर. एकानं अमावास्येवर, तर शेठनी त्याला, “अमावास्या समोरच्यांना नव्हती काय?” म्हणून गप्प बसवलं. एक शहाणा म्हणाला, भोंगाच पनवती आहे. त्याच्याकडं मी असं बघितलं, की तो पुन्हा त्या हंगामात बोलला नाही. मग फिरून फिरून गाडी काट्यावर आली. काटे कुणी आणले? मेंढरांनी. मेंढरं कुणाची? एकेक मान महादूकडं वळली. मेंढरं बसवायला कुणी सांगितलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. ज्याच्या आवारात बसतो त्याला असं विचारायचा रिवाज नाही.

“दत्ता,” शेठ मला म्हणाले, “सालभर भोंग्यावर नावं घेतलीस. आज एक घे. तू म्हणशील ते खरं.”

उभ्या हयातीत माझा आवाज पहिल्यांदाच सेलूच्या सेलूत राहिला.

तेवढ्यात महादू उभा राहिला.

“माझ्या राखणीत गेलं, मालक.”

“काय गेलं?”

“गोल. सगळे. माझ्या राखणीत गेले.”

“झालं!” शेठनी मांडीवर थाप मारली. “भेटलं नाव! बॅग भर. ह्याला गंगाखेडच्या गाडीत बसवून द्या रे कुणी.”

“जातो मालक,” महादू म्हणाला. “पर आमच्यात एक रिवाज हाय. तेवढा पुरा होऊ द्या.”

रिवाज हा शब्द निघाला आणि शेठचा वर गेलेला हात वरच राहिला. “कसला रिवाज?”

“रातच्याला लांडगा येतो, कोकरू नेतो. सकाळी कालवा उठतो. कोण झोपलं, कुत्रं कामून भुकलं न्हाई, मोठाला भाऊ कुठं होता. तर ज्याची राखण आसंल त्यो उठून म्हणतो, माझ्या राखणीत गेलं. येवढं म्हणलं की मिटलं. त्याला कुणी उलटून काही म्हणायचं न्हाई. मंग बाकीच्यांनी एकच इचारायचं, लांडगा आला कुठून? आन् जिथून आला, तिथं सगळ्यांनी मिळून कुंपण घालायचं.”

त्याच्या तोंडून एवढे शब्द एका दमात निघालेले मी पहिल्यांदा ऐकले. बहुतेक त्यानंही.

“असं हाय व्हय?” शेठ खुर्चीवर बसले.

“असंच हाय, मालक.”

“मंग इचारा रे,” शेठ म्हणाले. “कुणाचा बी असो, रिवाज मोडायचा न्हाई.”

आतापर्यंत बोटं दाखवणारे हात मांड्यांखाली गेले होते. शेवटी मीच उठलो, आणि माझा आवाज परत आला तो असा आला, की उरलेली कबुतरंही गेली.

“महादू, लांडगा आला कुठून?”

“डाव्या कोपऱ्यातून, मामा. सगळे गोल तिथूनच आले. तिथं कुणी जायनाच. काटा हाय म्हणतेत.” त्यानं घसा साफ केला. “तिथं आता काटा न्हाई. म्या रोज सकाळी खुरपं घेऊन उपटायलो. दुसऱ्या मॅचच्या आदीच सगळे काढले. म्हणून त्या बाहेरच्यांना कदी लागला न्हाई. मैदानातले गेले, पर तुमच्या पायातले राह्यलेत.”

“मग सांगितलं का न्हाईस लेका?” रणजित ओरडला.

“सांगितलं की. तुमी म्हणलात, तुझा कुल्ला न्हाई, माझा हाय.”

मग करीमसरांना हसू फुटलं, आणि त्यांच्यामागं सगळ्यांना. आणि हसता हसता रणजित एकदम गंभीर झाला. कोल्हापूरचं पाणी ते. तो पुढं आला आणि म्हणाला, “शेठ, ह्याला पाठवायचं न्हाई. दोष माझा हाय. मी भ्यालो, म्हणून अख्खी टीम भ्याली. माझ्या राखणीत गेलं, लिवा माझं नाव.”

“बैठो मियाँ!” करीमसर उठले. “कोच कौन है? तू कि मैं? मेरेकू सब दिखरा था. मैं तुमकू घसीट के लेके जाना था वां. मेरी राखण में गया.”

“सर, तुमी गप बसा. माझा हाय!”

“नै, मेरा है!”

आणि मंडळी, मी कुस्त्या बघितल्यात, शंकरपट बघितलेत, पंगतीत शेवटच्या जिलबीवरून झालेली हाणामारी बघितलीये. पण दोषासाठी अशी झुंबड मी कुठं बघितली नाही. मागचा डावा गडी म्हणाला, कोपरा माझा होता. मधला म्हणाला, मी त्याला हाक मारली नाही. भाजीवाला आचारीसुद्धा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आला, म्हणजे धोतराला, आणि म्हणाला, वांगी माझीच होती. घटकाभरापूर्वी जे ओझं कुणी अंगाला लावून घेत नव्हतं, त्यासाठी खुर्च्या उलटल्या.

“अरे थांबा!” शेठ गरजले. सगळे थांबले. शेठच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं, आता काय होणार. जे सगळ्यांकडं आहे ते शेठना नको असतं, पण जे सगळ्यांकडं आहे त्यातलं सगळ्यात मोठं मात्र त्यांना पाहिजेच असतं.

“मेंढरं बसवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?” शेठनी विचारलं.

सगळे उलटलेल्या खुर्च्या सरळ करायला लागले.

“दत्ता, बोल!”

“तुमच्याच, शेठ.”

“मंग? जिनिंग माझी, मैदान माझं, टीम माझी, आन् दोष तेवढा तुमचा व्हय? लय शाने हात! सगळ्यात मोठा वाटा माझा. कुणी हात लावायचा न्हाई.”

“मग घरी किसकू भेजते शेठ?” करीमसरांनी हळूच विचारलं.

शेठ गडबडले. एक नाव मागितलं होतं, पुरी टीम पदरात पडली होती, आणि वर स्वतःचंही नाव होतं. “आता मी मलाच घरी पाठवू का?” ते म्हणाले. “घर तर हितंच हाय. हा पोरगा हितंच राहील. कुंपणाचं बगा आदी.”

लगोलग सगळा ताफा मैदानावर गेला. डाव्या कोपऱ्याशी आल्यावर पाय थांबले, सवयीनं. मग बन्सीशेठनी चपला काढल्या. ज्या माणसानं गाद्या सोडून कधी पाय खाली ठेवला नव्हता, तो अनवाणी त्या गवतात शिरला, कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला आणि तळवा वर करून सगळ्यांना दाखवला. लहान बाळाच्या तळव्यासारखा गुलाबी. एक काटा नाही. मागोमाग रणजितनं छाती भरून घेतली, पळत सुटला आणि त्याच जागी, त्याच अंगावर असा घसरत गेला, की गवतावर रस्ता पडला. महादू कडेला उभा होता. त्याच्या तोंडावर तो हळदीचा उजेड.

आबा आलेच होते भोंग्याखाली, मॅच नसतानाही. बैठकीची खबर त्यांच्या पारावर पोचली होती. “कुणावर गेलं?”

“सगळ्यांवर, आबा.”

“सगळ्यांवर म्हंजे कुणावरच न्हाई की!” आबा चिडले. “एवढ्या लांबून आलो मी!” आणि तणतणत एसटीकडं गेले.

पुढच्या हंगामात आम्ही अजिंक्य झालो, असं लिहायला माझा हात शिवशिवतोय. पण हा अंक सेलूतही विकला जातो. तर खरं सांगतो, घरी हरणं थांबलं, एवढंच. महादू अजूनही गोलात उभा राहतो. मी मात्र उतरलो. आता भोंग्याची गरज कुणाला राहिली नाही. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल, म्हणजे ज्याच्या-त्याच्या हातात भोंगा. गोल झाला की शिट्टी वाजायच्या आत गावभर नाव फिरतं. ‘माझ्या राखणीत गेलं’ असं कुणी लिहिलेलं मात्र अजून माझ्या बघण्यात नाही. त्याची हळहळ वाटते.

पण उतरायच्या आधी मी एक काम केलं. महादूचा तो रिवाज गावोगाव भोंग्यावरून सांगितला. फडात, पटात, भावकीच्या बैठकीत. म्हणालो, बघा, मेंढरामागची माणसं आपल्याहून किती मोठी! कोकरू गेलं तरी एकमेकाला शब्द लावत नाहीत! लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. काही गावांनी तो रिवाज उचललासुद्धा. आता तिथं भांडण झालं की कुणीतरी उठून ‘माझ्या राखणीत गेलं’ म्हणतो, आणि बाकीचे विचारतात, लांडगा कुठून आला?

मागं राणीसावरगावला यात्रेसाठी गेलो होतो. गावाबाहेर धुळबाचा कळप बसला होता आणि धुळबा एका मेंढीला पायात धरून लोकर कातरत होता. मी त्याच्यापुढं हात जोडले. म्हणालो, “धुळबा, धन्य तुमच्या लोकांची. तुमचा तो रिवाज मी साऱ्या जिल्ह्याला शिकवला.”

“कंचा?”

मी सगळा सांगितला, लांडग्यापासून कुंपणापर्यंत, महादूनं सांगितला होता तसाच, वर माझं थोडं मीठमिरची. धुळबा कातरता कातरता ऐकत होता.

“कोण म्हणलं तुमाला?”

“तुमचा महादू.”

धुळबानं मेंढी दुसऱ्या कुशीवर वळवली.

“न्हाई बा,” तो म्हणाला. “आमच्यात ज्याच्या राखणीत जातं, त्याला त्या दिशी भाकर देत न्हाईत.”